बोलत नाही की बोलवत नाही?
(पालक-शिक्षक मेळाव्यातील व्याख्यान)



घरी अखंड बडबडणारे एखादे मूल शाळेत मात्र महिनोन्‌महिने शब्दही उच्चारत नाही. आपण त्याला घुमे किंवा हट्टी ठरवतो. वैद्यकशास्त्रानेही आरंभी तसेच मानले होते. १८७७ मध्ये जर्मन वैद्य आडोल्फ कुसमाउल यांनी या स्थितीला दिलेल्या नावाचा अर्थ ‘ऐच्छिक वाचाहीनता’ असा होता. आज ती ‘सिलेक्टिव्ह म्युटिझम’, म्हणजे निवडक मौन, या नावाने ओळखली जाते. २०१३ च्या अमेरिकी वर्गीकरणात तिची गणना चिंताविकारांत झाली. मूल बोलत नाही असे नव्हे, भयामुळे त्याला बोलवत नाही, हे आता मान्य झाले आहे.

या भयाची लक्षणे वर्तनात उमटतात. अंग ताठरते, चेहरा निर्विकार होतो. लघवीला जायचे असले तरी विचारता येत नाही. दिवसभर कोंडलेला ताण घरी रडण्यातून, आदळआपटीतून बाहेर पडतो. मग शिक्षकांना मूल उद्धट वाटते, पालकांना हेकट.

महाराष्ट्राबाहेर आणखी एक गफलत होते. परकी भाषा नव्याने शिकणारे मूल काही काळ गप्प राहते. ते स्वाभाविक आहे. शाळेचा पहिला महिनाही निदानासाठी धरत नाहीत. परंतु घरी जी मराठी ते सहज बोलते, तीच शाळेत त्यानंतरही ओठांवर येत नसेल, तर दोष भाषेचा नाही. घरची भाषाच माध्यम असल्याने आपल्या शाळेला हे लवकर ओळखता येईल.

अशा मुलाला धाक, आमिष वा शिक्षा नको. प्रथम खुणांनी उत्तर देऊ द्यावे. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात त्याला आईशी खेळू-बोलू द्यावे. शिक्षकांनी हळूहळू जवळ यावे, मग एखाद्या मित्राला सामील करावे. पहिला शब्द फुटला की टाळ्या वाजवू नयेत, संभाषण सहज पुढे न्यावे. मानसोपचारतज्ज्ञांचा सल्लाही वेळेवर घ्यावा.

गप्प मूल कोणाला त्रास देत नाही, म्हणूनच ते वर्षानुवर्षे नजरेआड राहते. हीरक महोत्सवी वर्षात आपण एवढे तरी ठरवू या: हजेरीच्या वेळी नुसता वर झालेला हातही ‘हजर’ मानला जाईल.