साथीच्या काळातील न्यायालयीन मुदत

दावा वा अपील किती दिवसांत दाखल करावे, हे प्रामुख्याने मुदत अधिनियम, १९६३ ठरवितो. मुदत उलटली म्हणून हक्क सहसा नाहीसा होत नाही, पण तो न्यायालयात मागण्याची वाट बंद होते. मार्च २०२० मध्ये हा प्रश्न देशभर एकाच वेळी उभा राहिला.

गाझियाबादचे उदाहरण पाहावे. हे शहर दिल्लीला लागून असले तरी त्याचे उच्च न्यायालय सुमारे सहाशे किलोमीटरवर, प्रयागराजला आहे. एप्रिल २०२० मध्ये जिल्हा प्रशासनाने दिल्लीलगतची हद्दही बंद केली. समजा, तेथील एका लहान कारखानदाराला मिळालेला धनादेश वटला नाही. बँकेकडून हे कळल्यापासून ३० दिवसांत त्याने नोटीस द्यावयाची, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे न आल्यास पुढील एका महिन्यात तक्रार करावयाची. तक्रारीच्या विलंबाला न्यायालय माफी देऊ शकते. नोटिशीच्या विलंबाला तशी तरतूद नाही. वकील घरात अडकलेला आणि टपाल खोळंबलेले असताना त्याने काय करावे?

मूळ कायद्यात उपाय होते, पण अपुरे. कलम ४ न्यायालय बंद असेल तरच उपयोगी पडते. कलम ५ मधील विलंबमाफी मूळ दाव्यांना लागूच नाही. म्हणून २३ मार्च २०२० रोजी सरन्यायाधीश शरद बोबडे (ते नागपूरचे) यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने स्वतःहून दखल घेतली आणि अनुच्छेद १४२ अन्वये १५ मार्चपासून सर्व मुदती वाढविल्या. ६ मे रोजी लवाद आणि धनादेशाची प्रकरणे स्पष्टपणे त्यात आली. मार्च २०२१ मध्ये ही सवलत संपविण्यात आली. दुसरी लाट येताच २७ एप्रिलला ती पुन्हा द्यावी लागली. अखेर १० जानेवारी २०२२ च्या आदेशाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या गणनेतून वगळला आणि या काळात मुदत संपलेल्यांना १ मार्च २०२२ पासून ९० दिवस दिले. सवलत सर्वांना सारखीच होती; देशातील सर्वांत मोठा पक्षकार असलेल्या शासनालाही ती मिळाली, हे सहसा कोणी बोलून दाखवीत नाही.

खरी कसोटी मात्र कोठडीच्या बाबतीत लागली. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६७(२) प्रमाणे गुन्ह्याच्या स्वरूपानुसार ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र दाखल झाले नाही, तर जामीन देण्यास तयार असलेल्या आरोपीला सुटकेचा हक्क मिळतो. मुदती वाढल्या म्हणजे पोलिसांचीही वाढली, असा अर्थ मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी लावून जामीन नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने १९ जून २०२० रोजी एस. कासी प्रकरणात तो अर्थ फेटाळला. २३ मार्चचा आदेश अडचणीतील पक्षकारांसाठी होता. तपास यंत्रणेला दंडाधिकाऱ्यापुढे आरोपपत्र ठेवता येत होते. आणि अनुच्छेद २१ मधील स्वातंत्र्य टाळेबंदीने स्थगित होत नाही. हा अर्थ मान्य झाला असता, तर दिलाशासाठी दिलेल्या आदेशानेच कच्च्या कैद्यांची कोठडी लांबली असती, तीही तुरुंगात संसर्गाची भीती असताना. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ मध्ये आहे.