कोर्टाची पायरी चढण्यापूर्वीं

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. माझ्या वडिलांनीं ती मला लहानपणीं इतक्या वेळां ऐकविली होती कीं, तालुक्याच्या कचेरीवरून जातांना मी रस्त्याच्या पलीकडच्या कडेनें जात असें. आज त्याच घराण्यांतील माझी नात कायद्याच्या महाविद्यालयांत शिकत आहे. ती पायरी चढण्यापूर्वीं तिला जी आणखी एक पायरी चढावी लागली, ती म्हणजे प्रवेशपरीक्षा; आणि आजचें माझें बोलणें त्या पायरीविषयीं आहे.

प्रारंभींच माझा अधिकार काय, तें सांगितलेलें बरें. मी वकील नाहीं. १९७५ सालीं जुन्या अकरावीची परीक्षा, म्हणजे आमच्या वेळची मॅट्रिक, उत्तीर्ण झालों आणि पुढें सारा जन्म प्राथमिक शाळेंत मुलांना वाचावयास शिकविण्यांत गेला. परंतु ज्या परीक्षेंत वाचतां येणें हीच खरी कसोटी आहे, तिच्याविषयीं वाचन शिकविणाऱ्यानें दोन शब्द बोलावेत, यांत फारसें वावगें नसावें.

आमच्या काळीं वकील होऊं इच्छिणारा मुलगा आधीं पदवीधर होत असे आणि मग कायद्याकडे वळत असे. बारावीनंतर थेट पांच वर्षांचा अभ्यासक्रम हा पुढें आला. १९८७ सालीं बंगळूर येथें राष्ट्रीय विधि विद्यालय स्थापन झालें, त्यामागोमाग निरनिराळ्या राज्यांत तशीं विद्यापीठें निघालीं, आणि प्रत्येकाची परीक्षा निराळी असल्यामुळें मुलांची धांवपळ होऊं लागली. म्हणून २००८ सालापासून त्यांपैकीं सात विद्यापीठांनीं मिळून एक सामाईक परीक्षा सुरू केली. तीच आज 'क्लॅट' या नांवानें ओळखली जाते. आतां तिच्यांत वीसांहून अधिक विद्यापीठें आहेत. आपल्या राज्यांतील मुंबई, नागपूर व छत्रपति संभाजीनगर येथील तिन्ही विद्यापीठें त्यांत येतात. दिल्लीचें राष्ट्रीय विधि विद्यापीठ मात्र आपली परीक्षा स्वतंत्रपणें घेतें. याशिवाय राज्यांतील इतर विधि महाविद्यालयांकरितां महाराष्ट्र शासनाची सी. ई. टी. २०१६ पासून होत आली आहे. हे दोन दरवाजे निराळे आहेत, हें पालकांनीं प्रथम ध्यानांत घ्यावें.

दोन वर्षांपूर्वींच्या उन्हाळ्यांत माझी नात माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आजोबा, मला वकील व्हायचें आहे, आणि अभ्यास तुम्हीच घ्यायचा." मुलगी मराठी शाळेंत शिकलेली, शिकवणीवर्गाची फी तिच्या वडिलांच्या आवांक्याबाहेरची. मला आनंद झाला आणि त्या आनंदाच्या भरांत मीं पहिली चूक केली. मास्तरकीचा जुना संस्कार जागा झाला. कायदा म्हणजे कलमें, आणि कलमें म्हणजे पाठांतर, असें मीं धरून चाललों. एका स्नेह्यांकडून भारतीय दंडसंहितेची जुनी प्रत आणली आणि रोज सकाळीं पाढ्यांप्रमाणें तिच्याकडून कलमें म्हणून घेऊं लागलों. ३०२ म्हणजे खून, ४२० म्हणजे फसवणूक! पोरीनें दीड महिन्यांत पन्नासांवर कलमें तोंडपाठ केलीं. आणि १ जुलै २०२४ रोजीं १८६० सालची ती दंडसंहिता जाऊन तिच्या जागीं भारतीय न्याय संहिता अंमलांत आली. खुनाची शिक्षा १०३ व्या कलमांत गेली आणि फसवणूक ३१८ व्या कलमांत. लोकांच्या तोंडीं चारशेवीस हा शब्द अजून आहे. कायद्यांत तो राहिला नाहीं. नात हंसली, मी मात्र ओशाळलों.

पण खरी चूक कलमांचे आंकडे बदलले ही नव्हती. या परीक्षेला तें पाठांतर लागतच नाहीं, हें मीं आधीं पाहिलें नव्हतें. क्लॅटच्या प्रश्नपत्रिकेंत १२० प्रश्न असतात आणि वेळ दोन तासांचा. त्यांपैकीं इंग्रजी भाषेचे २२ ते २६, चालू घडामोडी व सामान्यज्ञानाचे २८ ते ३२, कायदेविषयक विचारशक्तीचे २८ ते ३२, तर्काचे २२ ते २६ आणि गणिताचे १० ते १४. यांतील बहुतेक प्रश्न उताऱ्यावर असतात. सुमारें साडेचारशे शब्दांचा एक उतारा आणि त्याखालीं चारपांच प्रश्न. हिशेब करून पाहा: दोन तासांत मुलाला दहा हजारांच्या आसपास इंग्रजी शब्द वाचून, समजून, त्यांवर विचार करावयाचा असतो. तेव्हां ही स्मरणशक्तीची परीक्षा नसून वाचनाची परीक्षा आहे.

हें उमजल्यावर मीं दंडसंहिता मिटली आणि नातीला माझ्यासमोर बसवून एका इंग्रजी दैनिकाचा अग्रलेख मनांत वाचावयास सांगितलें. मी तिच्याकडे पाहत राहिलों. तिचे ओठ हालत होते. पहिलीच्या वर्गांत मुलें अक्षराखालीं बोट धरून ओठ हालवीत वाचतात, तें मीं हजारों वेळां पाहिलें आहे; मराठी वाचतांना ती मुलगी कधींच तसें करीत नसे, इंग्रजी वाचतांना करीत होती. म्हणजे ती इंग्रजींत अजून पहिलींतच होती. आणखी एक गोष्ट लक्षांत आली. आपल्या मराठींत क्रियापद वाक्याच्या शेवटीं येतें, म्हणून आपण शेवटापर्यंत थांबतों आणि मग अर्थ लावतों. इंग्रजींत कर्ता व क्रियापद बहुधा आरंभींच येऊन जातात आणि मागाहून पुरवण्या लागत राहतात. नात शेवटाची वाट पाहत असे, आणि शेवटीं पोहोंचेपर्यंत आरंभ विसरत असे. मीं तिला सांगितलें, "बाळ, आधीं कोण आणि काय करतो, एवढेंच शोध. बाकीचें मागून."

त्या दिवसापासून आमचा क्रम ठरला. रोज एक अग्रलेख. वाचून झाला कीं कागद पालथा घालावयाचा आणि लेखकाचें म्हणणें एका मराठी वाक्यांत सांगावयाचें. तें जमलें नाहीं तर लेख समजला नाहीं, असें समजावयाचें. मग लेखकानें कोणतीं कारणें दिलीं आणि कोणती गोष्ट न सांगतांच गृहीत धरली, तें विचारावयाचें. तर्काच्या प्रश्नांत हेंच विचारतात. त्याच वाचनांतून चालू घडामोडींचीही तयारी होई. त्याकरितां एका वहींत दिवसाला तीनच ओळी ती लिहीत असे. माझें इंग्रजी बेताचेंच. अडलें कीं आम्ही दोघेंही शब्दकोश उघडत असूं. शिकविणाऱ्याला सर्व कांहीं यावेंच लागतें असें नाहीं. त्यानें समोर बसलें पाहिजे.

कायद्याच्या उताऱ्यांत मात्र एक निराळाच अनुभव आला. त्या प्रश्नांत नियम दिलेला असतो व हकीगत दिलेली असते. तो नियम त्या हकीगतीस लावावयाचा असतो. सरावाच्या एका प्रश्नांतील नियम असा होता: दुसऱ्याच्या ताब्यांतील जागेंत त्याच्या संमतीवांचून शिरणें हें अतिक्रमण होय, आणि हेतु चांगला होता हा बचाव चालणार नाहीं. हकीगत अशी कीं, शेजारी परगांवीं गेलेला, त्याचें वासरूं त्याच्याच विहिरींत पडलें, आणि एका गृहस्थानें कुंपण मोडून आंत जाऊन तें वांचविलें. त्यानें अतिक्रमण केलें कीं नाहीं? नातीनें उत्तर दिलें, नाहीं केलें. मींही मनांत तेंच उत्तर दिलें होतें. दोघांचेंही चुकलें. दिलेल्या नियमाप्रमाणें अतिक्रमण झालें होतें.

नात रागावली. "आजोबा, हा काय न्याय झाला?" असें तिनें विचारलें, आणि मला उत्तर सुचलें नाहीं. मीं एवढेंच म्हटलें कीं, पंचानें आपल्या मनाचा नियम लावून चालत नाहीं. खेळ सुरू होण्यापूर्वीं जो नियम ठरला, तोच लावला पाहिजे. तें तिला अर्धेंमुर्धें पटलें. पण त्यानंतर त्या प्रकारचे प्रश्न तिचे क्वचितच चुकले.

आतां गुणांच्या हिशेबाविषयीं थोडें. क्लॅटमध्यें बरोबर उत्तरास एक गुण मिळतो आणि चुकीच्या उत्तरास पाव गुण वजा होतो. त्या पाव गुणाच्या भयानें मुलें फार प्रश्न सोडून देतात. चार पर्यायांपैकीं दोन निश्चित चुकीचे आहेत असें कळलें, तर उरलेल्या दोहोंपैकीं एक निवडणें फायद्याचेंच असतें. असे दोन प्रश्न सोडविले आणि एक बरोबर, एक चूक आला, तरी पाऊण गुण पदरांत पडतो. कांहींच कळत नसेल, तर मात्र त्या प्रश्नापाशीं वेळ दवडूं नये. राज्याच्या सी. ई. टी.मध्यें गुण वजा होत नाहींत. तेथें एकही प्रश्न कोरा ठेवणें हें अज्ञान होय. शिवाय ती परीक्षा संगणकावर होते आणि प्रश्न इंग्रजीबरोबर मराठींतही असतात. मराठी शाळेंतील मुलांना ही सोय पुष्कळदां ठाऊकच नसते. तेथें कायद्याच्या सामान्यज्ञानाचे थेट प्रश्नही येतात. तेव्हां आमचें पाठांतर अगदींच वायां गेलें नाहीं.

अर्ज भरण्याविषयीं मी अधिक कळकळीनें बोलतों, कारण माझी दुसरी चूक तेथली आहे. बारावीस सर्वसाधारण उमेदवारास किमान पंचेचाळीस टक्के गुण लागतात. राखीव प्रवर्गांस सवलत आहे. तें आमच्याकडे होतें. क्लॅटचें शुल्क सर्वसाधारण उमेदवारास चार हजार रुपये होतें, तेंही जमविलें. परंतु नॉन-क्रीमीलेयरचा दाखला कपाटांत आहे, एवढ्यावर मी निर्धास्त राहिलों; त्याची मुदत संपली आहे, हें मीं उघडून पाहिलें नाहीं. राज्याच्या प्रवेशफेरीच्या तोंडावर तें ध्यानांत आलें आणि नवा दाखला हातीं येईपर्यंत घरांत कोणास अन्न गोड लागलें नाहीं. म्हणून सांगतों: दहावीच्या प्रमाणपत्रावरील नांव आणि आधारपत्रावरील नांव अक्षरशः एक आहे कीं नाहीं, अधिवासाचा दाखला आहे कीं नाहीं, जातीच्या दाखल्याबरोबर पडताळणी झाली आहे कीं नाहीं, हें परीक्षेच्या आधीं सहा महिने पाहावें. महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरतांना शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या अंदाजाकडे पाहूं नये. आपणांस जें खरोखर पहिलें हवें, तेंच पहिलें लिहावें.

ज्यांची पदवी झाली आहे, त्यांच्यासाठीं तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि त्याची सी. ई. टी. निराळी असते. तेथें वयाची वरची मर्यादा नाहीं. नोकरींतून निवृत्त झालेले गृहस्थही ही परीक्षा देऊं शकतात. मात्र दहावी-बारावी न होतां मुक्त विद्यापीठाची थेट पदवी घेतलेल्यांस बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणें प्रवेश मिळत नाहीं, हें त्यांनीं पैसे भरण्यापूर्वींच पाहावें.

आमच्या नातीची क्लॅट १ डिसेंबर २०२४ रोजीं झाली. त्या परीक्षेंतील कांहीं उत्तरांविषयीं उमेदवारांनीं न्यायालयांत दाद मागितली, प्रकरण निरनिराळ्या उच्च न्यायालयांतून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें आणि मे २०२५ मध्यें तेथें निर्णय झाला. कायद्याच्या शाळेंत पाऊल टाकण्यापूर्वींच मुलें कोर्टाची पायरी चढलीं, असें माझे वडील म्हणाले असते. यावरून एक धडा घ्यावा: आपल्या उत्तरपत्रिकेची प्रत जपून ठेवावी, आणि कच्ची उत्तरें प्रसिद्ध होतांच तीं स्वतः ताडून पाहावींत, कारण आक्षेप घेण्यास फार थोडे दिवस मिळतात.

नातीचा अनुक्रम राष्ट्रीय विद्यापीठांत जागा मिळण्याइतका वर आला नाहीं. त्या रात्रीं ती जेवली नाहीं. तिचे वडील मला एकीकडे घेऊन म्हणाले, "नाना, आली असती तरी दर वर्षाचे लाखांच्या घरांतले पैसे मीं कोठून आणले असते?" त्या मुलीनें तें ऐकलें असावें, दुसऱ्या दिवशीं सकाळीं ती आपण होऊन सी. ई. टी.चें पुस्तक घेऊन माझ्यासमोर बसली. उन्हाळ्यांत ती परीक्षा झाली, आणि एका जुन्या अनुदानित महाविद्यालयांत तिला पांच वर्षांच्या अभ्यासक्रमास प्रवेश मिळाला. तेथील फी आम्हांस झेपते. पदवी झाल्यावर सनद आहे, अखिल भारतीय बार परीक्षा आहे. तें तेव्हां पाहूं.

गेल्या सुटींत ती घरीं आली होती. ओसरीवर बसून म्हणाली, "आजोबा, तें वासराचें आठवतें? कायद्यांत त्या माणसालाही जागा आहे. मोठी हानि टाळण्यासाठीं दुसऱ्याच्या जागेंत शिरावें लागलें, तर तो बचाव होऊं शकतो. आपल्या प्रश्नांत तेवढा नियम दिलेला नव्हता." मीं विचारलें, "मग तेव्हां आपलें उत्तर बरोबर होतें तर?" ती म्हणाली, "नाहीं. तेव्हां तें चूकच होतें. पण मीं विचारलेला प्रश्न बरोबर होता."

श्रोतेहो, वकील होऊं इच्छिणारीं मुलें आपल्या घरांत असतील, तर त्यांच्यासमोर रोज अर्धा तास बसा, दाखल्यांच्या तारखा पाहा, आणि त्यांनीं असा प्रश्न विचारला तर तो मोडून काढूं नका. माझी वेळ संपली.