सराफाचा शब्द आणि जाहिरातीचा शब्द
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या चिटणीसांनी मला जाहिरातींविषयी बोलावयास सांगितले, तेव्हा मी क्षणभर बिचकलो. आपल्या पेढ्यांनी आजवर जाहिरात म्हणून काही केले असेल, तर ते याच स्मरणिकेत पाव पान शुभेच्छा छापण्याइतकेच! तेव्हा मी जे सांगणार आहे ते जाहिरातशास्त्राचा जाणकार म्हणून नव्हे, तर पिढीजात सोनार म्हणून, हे आपण ध्यानात घ्यावे.

आपल्याच व्यवसायातील दोन जाहिरातींची वर्तमानपत्रांतून बरीच चर्चा झाली. पहिली कल्याण ज्वेलर्सची, जुलै २०१८ मधील. अमिताभ बच्चन एका वृद्धाच्या भूमिकेत, मुलीला बरोबर घेऊन बँकेत जातात. खात्यात चुकून दुप्पट निवृत्तिवेतन जमा झालेले असते, ते त्यांना परत करावयाचे असते. आणि बँकेतील माणसे म्हणतात, राहू द्या, कुणाला कळणार आहे? बँक अधिकाऱ्यांच्या संघटनेने हरकत घेतली, की यामुळे बँकांवरील लोकांचा विश्वास उडेल. पेढीने दिलगिरी व्यक्त करून ती मागे घेतली. दुसरी तनिष्कची, ऑक्टोबर २०२० मधील. एका मुसलमान घरात हिंदू सुनेचे डोहाळजेवण चालले आहे, एवढाच तिचा विषय. तिच्यावर इतके काहूर उठले, की काही दिवसांत तीही मागे घेण्यात आली. जाहिरात मानक परिषदेने तीत नियमभंग नसल्याचा निर्वाळा दिला होता. परंतु कंपनीने आपल्या निवेदनात दुकानांतील नोकरवर्गाच्या सुरक्षिततेची काळजी बोलून दाखविली. जाहिरात कल्पिणारा आपल्या कचेरीत सुखरूप असतो. लोकांचा राग झेलावा लागतो तो गल्ल्यापाशी उभ्या असलेल्या पोरासोरांना. मला स्वतःला त्या जाहिरातीत आक्षेपार्ह असे काहीच दिसले नाही, हेही सांगून टाकतो.

माझा मुद्दा मात्र निराळा आहे. या दोन्ही जाहिरातींत सोन्याविषयी जवळजवळ काहीच नाही! पहिलीत सचोटी आहे, दुसरीत सासूची माया. जाहिरातसंस्थांतील बुद्धिमान मंडळींनी ओळखले आहे, की सोने इथूनतिथून सारखेच. विकावयाचा असतो तो विश्वास. आणि विश्वास हे तर आपले पिढ्यान्‌पिढ्यांचे भांडवल! मग ते त्यांच्या हाती गेले कसे?

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. गेले शतक संपता संपता तनिष्कने आपल्या दुकानांत कॅरटमीटर नावाचे यंत्र आणले. दागिना न घासता, न वितळविता, क्ष-किरणांच्या साहाय्याने ते सोन्याचा कस सांगते. घरचे दागिने घेऊन या आणि तपासून पाहा, असे लोकांना आवाहन झाले. त्याचा गर्भितार्थ एकच, की तुमचा घरचा सोनार तुम्हांला फसवीत आहे. बँकवाल्यांनी हरकत घेताच जाहिरात मागे गेली. आपण तेव्हा गप्प का बसलो? १९६३ साली सरकारने सुवर्णनियंत्रण आणून चौदा कॅरटचे बंधन घातले, तेव्हा आपले लोक रस्त्यावर आले होते. त्या वेळी आपली बाजू खरी होती. कॅरटमीटरच्या वेळी आपल्याला तोंड नव्हते.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या तीर्थरूपांच्या पेढीवर एक जुन्या ओळखीच्या बाई आपला चपलाहार घेऊन आल्या. शहरात कुठल्याशा मोठ्या दालनात त्यांनी तो यंत्राखाली धरला होता. आमच्या वहीत बावीस कॅरट. यंत्रात वीसही भरले नाहीत. चपलाहाराला जोड फार, आणि प्रत्येक जोडाला डाक लागते. डाकेत हिणकस धातू असतोच. वडिलांनी हे सारे समजावून सांगितले आणि मग थांबून म्हणाले, “पण वहिनी, त्या डाकेचे पैसेही मी बावीसच्याच भावाने घेतले, हे खरे.” पुढे डाकेसाठी कॅडमियम आले, कस टिकू लागला, परंतु त्या धुराने कारागिरांच्या फुफ्फुसांना अपाय होऊ लागला. त्याची जाहिरात कुणी केली नाही.

१६ जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर सहा अक्षरांकांचा स्वतंत्र क्रमांकही आवश्यक ठरला. आपल्यांपैकी कित्येकांना हा जाच वाटतो. चाळीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्यांना त्यातून सूट आहे, आणि ती घेण्याकडेच आपला कल आहे. माझे मत याच्या अगदी उलट आहे. ९१६ हा आकडा बोळातल्या दुकानातील अंगठीवर आणि काचेच्या दालनातील अंगठीवर सारखाच उमटतो. ज्या एका बाबतीत कोट्यवधींच्या जाहिरातीला आपल्यापुढे जाता येत नाही, ती हीच! ती सूट घेऊन आपण स्वतःच मागे का उभे राहावे? मंडळाने लहान सराफांचे दागिने एकत्र करून तपासणी केंद्रावर नेण्या-आणण्याची व्यवस्था करावी, अशी माझी सूचना आहे. कार्यकारिणीने तिचा विचार करावा.

त्या चपलाहाराची तूट वडिलांनी पदरची भरून दिली. बाईंनी मुलीच्या लग्नाचे सोने मात्र त्या मोठ्या दालनातूनच घेतले. आम्ही ते ऐकले आणि गप्प राहिलो. पाच वर्षांनी नातीचे कान टोचावयाचे होते, तेव्हा त्या बाळाला घेऊन आमच्या ओट्यावर आल्या.