अभियंता कोठे टिकतो?

(अभियंता दिनाच्या निमित्ताने धाराशिव येथे अभियंते, विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सप्टेंबरचा हा आठवडा आपल्या जिल्ह्यासाठी मोठा अर्थपूर्ण आहे. १५ सप्टेंबर हा सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्मदिन. देश तो अभियंता दिन म्हणून पाळतो. १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. त्याच सुमारास विश्वकर्मा जयंती येते आणि भारतीय मजदूर संघ ती राष्ट्रीय श्रम दिन म्हणून साजरी करतो. बुद्धी, स्वातंत्र्य आणि श्रम या तिघांचे स्मरण एकाच आठवड्यात व्हावे, हा योग मोलाचा आहे. कारण यांतील एक जरी उणे पडले, तरी उरलेली दोन पांगळी होतात.

विश्वेश्वरय्या म्हटले की आपल्याला धरणे आठवतात. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकलेल्या या अभियंत्याने १९०३ मध्ये खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसविले, हे आपण शाळेत वाचलेले असते. परंतु १९३० नंतरच्या दशकात, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, भारतात मोटारींचा कारखाना निघावा म्हणून त्यांनी योजना आखली, परदेश प्रवास केला आणि मुंबईच्या उद्योगपतींना हाक दिली, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. त्या हाकेला ओ देणारे वालचंद हिराचंद हे आपल्या शेजारच्या सोलापूरचे. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली.

तो कारखाना निघाला, त्याने हजारोंना रोजगार दिला, त्याची गाडी मुंबईच्या रस्त्यांवर दशकानुदशके धावली. तथापि ती गाडी मुळात इटलीच्या फियाटची होती. परवान्याच्या त्या राज्यात नवे काही करण्याची मुभा नव्हती आणि स्पर्धा नसल्याने गरजही नव्हती. तीस-पस्तीस वर्षे जवळजवळ तीच गाडी बनत राहिली. अशा ठिकाणी कुशल कामगार टिकतो, हिशेबनीस टिकतो; पण नवे घडविण्याची ओढ असलेला अभियंता टिकत नाही. तो एक तर देश सोडतो, नाही तर खुर्चीत बसल्या बसल्या गंजतो.

आज मला नेमके याच प्रश्नाविषयी बोलायचे आहे. अभियंता कोठे टिकतो? त्यासाठी उदाहरण घेणार आहे ते स्पोर्ट्‌स कारचे. जेथे पिण्याच्या पाण्याची आणि वेळेवर येणाऱ्या एसटीची चर्चा व्हायची, तेथे शर्यतीच्या गाडीचे काय काम, असे काहींच्या मनात येईल. गाडी श्रीमंताची असेल. पण तिच्यामागची बुद्धी आपल्या घरातल्या मुलांची आहे, म्हणून हा विषय आपला आहे.

साध्या गाडीत थोडी चूक खपून जाते. चार किलो वजन वाढले, ब्रेक थोडे अधिक तापले, तरी गिऱ्हाईक तक्रार करीत नाही. वेगवान गाडीत असे काही खपत नाही. ताशी दोनशे किलोमीटरला गुरुत्वमध्य दोन बोटे वर असला तरी वळणावर जाणवतो. वाऱ्याचा झोत चुकीच्या जागी अडला तर गाडी रस्ता सोडू पाहते. इंजिन, सस्पेन्शन, टायर आणि ब्रेक यांची एकमेकांशी बोलणी झालेली नसतील तर गाडी उघडी पडते. म्हणून अशी गाडी हा अभियंत्यांसाठी सहाणेचा दगड असतो. दगड विकायचा नसतो, त्यावर धार लावायची असते. तेथे तयार झालेला माणूस उद्या मालवाहू टेम्पो करील, ट्रॅक्टर करील वा लष्करी वाहन करील, तेही चोख करील.

महाराष्ट्रात हा विचार नवा नाही. टेल्कोचे सुमंत मुळगावकर यांच्या काळात, १९६६ मध्ये, पुण्यात कंपनीचे अभियांत्रिकी संशोधन केंद्र उभे राहिले. जर्मनीच्या डेमलर-बेन्झशी १९५४ मध्ये झालेला करार १९६९ मध्ये संपणार होता. करार संपण्याआधी आपली माणसे तयार असली पाहिजेत, ही त्यामागची दृष्टी. त्या तयारीतून १९८६ मध्ये ४०७ हा छोटा ट्रक आला आणि जपानी सहकार्याने आलेल्या वाहनांपुढे तो उभा राहिला, टिकला. डिसेंबर १९९८ मध्ये इंडिका आली. रूपरेखा इटलीतील संस्थेच्या मदतीने केलेली, यंत्रसामग्रीचा मोठा भाग निसानच्या ऑस्ट्रेलियातील बंद कारखान्यातून उचलून आणलेला. पण गाडी पुण्याच्या अभियंत्यांची. सुरुवातीच्या गाड्यांत दोष निघाले, टीका झाली. त्याच माणसांनी दोष शोधले, दुरुस्त केले आणि २००१ मध्ये सुधारित इंडिका आणली. आपली चूक आपणच निस्तरण्याची संधी मिळते, तेव्हा अभियंता परिपक्व होतो.

याच परंपरेतून मार्च २०१७ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात टाटांची ‘रेसमो’ अवतरली. दोन आसनांची, मध्यभागी इंजिन असलेली छोटी स्पोर्ट्‌स कार. इंजिन अवघे १.२ लिटरचे, पण टर्बोच्या साहाय्याने सुमारे १९० अश्वशक्ती देणारे. शून्यापासून ताशी शंभर किलोमीटरचा वेग सहा सेकंदांच्या आत, असा दावा होता. जगाने कौतुक केले. परंतु पुढे कंपनीने खर्चाला कात्री लावली आणि रेसमो विक्रीसाठी कधी बाहेर पडलीच नाही.

व्यवस्थापनाला दोष देणे सोपे आहे. मी तो देणार नाही. प्रवासी गाड्यांचा व्यवसाय तोट्यात असताना आधी घर सावरायचे असते. त्याच कंपनीची नेक्सॉन डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या सुरक्षा चाचणीत पाच तारे मिळविणारी पहिली भारतीय बनावटीची गाडी ठरली. सामान्य कुटुंबाचा जीव वाचविणारी गाडी आधी आणि शौकाची नंतर, हा क्रम योग्यच आहे. तरीही एक नोंद ताळेबंदात येत नाही. ज्यांनी रात्री जागून ती गाडी कागदावरून चाकांवर आणली, त्यांच्या हातून पूर्ण होण्याआधीच काम काढून घेतले गेले. प्रकल्प बंद करणे कधी कधी अटळ असते. पण त्या चमूला लगेच तितकेच कठीण दुसरे काम देणे हे व्यवस्थापनाचे कर्तव्य असते. ते झाले नाही, तर माणूस कामावर येत राहतो आणि मन राजीनामा देऊन मोकळे होते.

दुसरे उदाहरण डीसी डिझाईनच्या ‘अवंती’चे. २०१२ च्या दिल्लीतील वाहन प्रदर्शनात तिच्याभोवती गर्दी लोटली होती. भारतीय स्पोर्ट्‌स कार म्हणून अभिमानही वाटला. इंजिन रेनोचे होते. त्यात कमीपणा नाही; जगातील अनेक छोटे उत्पादक इंजिन बाहेरून घेतात. पण देखणा सांगाडा ही सुरुवात असते. लाखो किलोमीटरच्या चाचण्या, सुटे भाग, देखभाल, दहा वर्षांनंतरही ग्राहकाला मिळणारे उत्तर, हे खरे अभियांत्रिकी. तो पाया विस्तारला नाही आणि अवंती अल्प संख्येत येऊन थांबली. अभिमान पोस्टरवर मावतो. उद्योगाला शिस्त लागते.

तिसरे उदाहरण अधिक बोचरे आहे. महिंद्र समूहाने इटलीची पिनिनफरिना ही विख्यात संस्था घेण्याचा करार डिसेंबर २०१५ मध्ये केला. पुढे २०१९ मध्ये जिनिव्हाला ‘बतिस्ता’ ही विजेवरची गाडी सादर झाली: चार मोटारी, १९०० अश्वशक्ती, दीडशेहून अधिक गाड्या बनवायच्या नाहीत असा संकल्प. भारतीय मालकीची ही गाडी पाहून छाती फुगते. पण ती घडते इटलीत. आणि तिचे हृदय, म्हणजे बॅटरी व विद्युत यंत्रणा, रिमाक या क्रोएशियातील कंपनीच्या तंत्रज्ञानावर चालते. मालकी विकत घेता येते, विद्या घेता येत नाही. ती घरी मुरवावी लागते.

आणि ही रिमाक कोण? क्रोएशियाची लोकसंख्या चाळीस लाखांच्या आत-बाहेर; लोकसंख्येने महाराष्ट्रातल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याहूनही लहान देश. मोटार उद्योगाची म्हणावी अशी परंपरा नाही. शिकलेला तरुण जर्मनीला जायचा, जसा आपला पुण्याला जातो. १९८८ मध्ये जन्मलेल्या माटे रिमाक या तरुणाची जुनी बीएमडब्ल्यू शर्यतीत इंजिन फुटून बंद पडली. त्याने गॅरेजमध्ये तिला विजेची मोटार बसविली. २००९ मध्ये कंपनी काढली, २०११ मध्ये पहिली गाडी दाखविली आणि २०२१ मध्ये बुगातीसारखे शंभर वर्षांचे नाव त्याच्या नेतृत्वाखालील संयुक्त कंपनीत आले. त्या देशातील अभियंत्यांना घरी राहण्याचे कारण मिळाले आणि बाहेरचे अभियंते तेथे येऊ लागले. देशभक्तीची भाषणे ऐकून ते आले नाहीत. जगात दुसरीकडे न मिळणारे काम तेथे होते, म्हणून आले.

आपल्याकडेही असे घडले आहे. पवन गोएंका अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधन केंद्रात चौदा वर्षे होते. १९९३ मध्ये ते महिंद्रच्या नाशिक येथील संशोधन विभागात रुजू झाले. तेव्हा तेथे अमेरिकेतल्यासारख्या सुविधा नव्हत्या. पण पूर्ण गाडी स्वतः करण्याचे आव्हान होते. २००२ मध्ये स्कॉर्पिओ आली. प्रताप बोस २०२१ मध्ये टाटांकडून महिंद्रकडे गेले आणि २०२४ मध्ये सादर झालेल्या नव्या विद्युत गाड्यांचे रूप त्यांच्या नेतृत्वाखाली ठरले. एका कंपनीने माणूस गमावला, पण देशाने गमावला नाही. हा फरक आपण ध्यानात ठेवला पाहिजे.

खरी गळती आता वेगळ्या वाटेने होते. पुण्याच्या हिंजवडीत बसून आपली मुले जगातील उत्तमोत्तम गाड्यांच्या भागांची गणिते सोडवितात. काम उत्तम, वेतन चांगले, आई-वडील जवळ. पण गाडी कोणती घडवायची हे ठरते दुसरीकडे, आणि त्या बुद्धीचे स्वामित्वही दुसऱ्याचे. देह पुण्यात आणि प्रज्ञा परदेशी, असे हे स्थलांतर आहे. त्याला व्हिसा लागत नाही, म्हणून ते दिसत नाही.

मग उपाय काय? प्रथम एक स्पष्ट सांगतो. शैक्षणिक कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेल्या मुलाला त्यागाचा उपदेश करू नये. रास्त वेतन ही राष्ट्रनिष्ठेची किंमत नव्हे, तो श्रमाचा हक्क आहे. श्रद्धेय दत्तोपंत ठेंगडी यांनी राष्ट्राच्या औद्योगिकीकरणाबरोबरच उद्योगांच्या श्रमिकीकरणाचा विचार मांडला. उद्योगात राबणाऱ्याला तो उद्योग आपला वाटला पाहिजे, त्याचा त्यात वाटा असला पाहिजे, हा त्याचा गाभा. संगणकासमोर बसणारा अभियंताही श्रमिकच आहे.

वेतनानंतर चार गोष्टी लागतात. एक, कामाचा एक तरी भाग आरंभापासून अखेरपर्यंत त्याच्या हाती असावा. दोन, प्रामाणिक चुकीला शिक्षा नसावी. तीन, बढतीसाठी त्याला आरेखन सोडून व्यवस्थापक व्हावे लागू नये; उत्तम अभियंत्याला अभियंता राहूनच मोठे होता यावे. चार, श्रेय नावानिशी मिळावे. या चारांना फार पैसा लागत नाही, मोठे मन लागते.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवृत्तांतात तगर नगरीचा, म्हणजे आपल्या तेरचा, उल्लेख आहे. येथले कापड गाड्यांवर लादून दुर्गम वाटांनी भडोचच्या बंदरात जात असे. दोन हजार वर्षांपूर्वी आपला माल बाहेर जात होता. आज आपली माणसे बाहेर जातात. धाराशिव आणि तुळजापूर येथे १९८० नंतरच्या दशकातच अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. त्यांतून बाहेर पडलेले विद्यार्थी पिंपरी, चाकण, रांजणगावला आहेत. त्यांना परत बोलवायचे असेल तर आधी काम उभे करावे लागेल.

आरंभ लहान असू द्या. २००७ पासून पिथमपूरला विद्यार्थ्यांसाठी ‘बाहा’ ही स्पर्धा होते. मुले खडबडीत रस्त्यावर धावणारी एक आसनी गाडी स्वतः आरेखतात, वेल्डिंग करतात, चालवितात आणि तिचा हिशेबही परीक्षकांपुढे मांडतात. त्याच पिथमपुरात २०२१ मध्ये ११.३ किलोमीटरचा अतिवेगाचा चाचणी ट्रॅक खुला झाला. वेगवान गाडी तपासायला परदेशी जाण्याची सबब आता उरलेली नाही. आपल्या महाविद्यालयांचे चमू अशा स्पर्धांत दरवर्षी उतरावेत. व्यापाऱ्यांनी गणेशोत्सवाच्या वर्गणीतला एक वाटा त्यांना द्यावा. पुण्यात स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांनी महिन्याचा एक रविवार येथील कार्यशाळेत घालवावा. आयटीआयचा टर्नर आणि पदवीधर अभियंता यांनी एकाच यंत्राभोवती उभे राहावे. विश्वकर्म्याच्या पूजेत हत्याराला हळदकुंकू वाहतो, तेव्हा ते हत्यार कोण धरतो हे आपण विचारीत नाही.

पालकांना एकच विनंती. मुलाची नोकरी ठरली की आपण पहिला प्रश्न विचारतो, पॅकेज किती? तो जरूर विचारा. मात्र त्यापाठोपाठ दुसराही विचारा, तू तेथे काय घडविणार आहेस? ज्या घरात हा दुसरा प्रश्न विचारला जाईल, त्या घरातला अभियंता पुण्यात राहो वा धाराशिवला, तो देशाच्या हातून निसटणार नाही.