आधी गॅप, मग टायमिंग



उन्हाळ्यातल्या व्याख्यानमालेत गाडीच्या दुरुस्तीवर बोलायचे, तर खंडाळ्याच्या घाटापासूनच सुरुवात करू. द्रुतगती मार्ग होण्यापूर्वी मे महिन्यात घाट चढलेल्यांना आठवत असेल : रस्त्याच्या कडेला फियाट उभी, बॉनेट वर आणि कोणीतरी ओला पंचा घेऊन आत वाकलेला. थोड्या वेळाने गाडी सुरू होई आणि ‘तापली होती’ एवढ्यावर सगळ्यांचे समाधान होई. पण तापली म्हणजे नेमके काय झाले? टाकीत पेट्रोल आहे, प्लगला करंट आहे, रेडिएटरमध्ये पाणी आहे, तरी गाडी बंद का?

उत्तर गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तकातल्या एका साध्या आकृतीत सापडते. टाकी मागे, डिकीच्या बाजूला. पंप पुढे, इंजिनाच्या अंगालाच बोल्टने आवळलेला. हा पंप एवढ्या लांबून पेट्रोल ओढतो. ओढताना नळीतला दाब कमी होतो आणि दाब कमी झाला की द्रव लवकर उकळतो. त्यात घाटात गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. इंजिनावर भार जास्त, वारा कमी. पेट्रोलची नळीतच वाफ होते, पंप नुसती वाफ ओढत बसतो आणि कार्बोरेटर कोरडा पडतो. पंप थंड झाला की सगळे पूर्ववत. ज्याने आकृती पाहिली आहे तो पंचा पिळून नेमका पंपावर ठेवतो. ज्याने पाहिली नाही तो रेडिएटरवर पाणी ओतत राहतो.

आज मला एवढेच सांगायचे आहे. जुनी साधी गाडी आणि तिचे जुने पुस्तक यांच्या जोडीतून माणूस दुरुस्ती तर शिकतोच. पण लक्षणापासून कारणापर्यंत पायरी न गाळता कसे जायचे, हेही शिकतो. हे शिक्षण आज दुर्मीळ झाले आहे आणि ते टिकवणे आपल्या हातात आहे.

आपल्याकडे यासाठी गाडी कोणती? माझे मत पद्मिनीला. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट निघू लागली आणि सत्तरच्या दशकात तिचीच पद्मिनी झाली. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, एक कार्बोरेटर, एक कॉइल आणि एक डेल्को, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर. बॉनेट उचलले की प्रत्येक वस्तूभोवती हात फिरवायला जागा. इंजिन चालायला तीनच गोष्टी लागतात : हवा-पेट्रोलचे योग्य मिश्रण, सिलिंडरमध्ये पुरेसा दाब आणि वेळेवर ठिणगी. पद्मिनीत या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासता येतात, तेही चार पाने, एक स्क्रू-ड्रायव्हर आणि फट मोजायचे फिलर गेज एवढ्यावर. प्लग काढून पाहिला तरी बरेच कळते. काजळी धरली असेल तर बहुधा पेट्रोल जास्त जाते आहे, पांढरा पडला असेल तर कमी आणि फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक.

आता पुस्तकांकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यापुढे मोठा पेच होता. कधी गाडीला हात न लावलेल्या हजारो तरुणांच्या हाती जीप द्यायची होती. १९४४ साली विलिस आणि फोर्ड जीपसाठी निघालेल्या सैन्याच्या तांत्रिक पुस्तिकेत चालकाची कामे वाटून दिली आहेत : निघण्यापूर्वी काय पाहायचे, चालवताना काय ऐकायचे, थांब्यावर काय चाचपायचे आणि परतल्यावर काय करायचे. बिघाडांची मांडणी लक्षणांवरून केली आहे. म्हणजे भागाचे नाव माहीत नसलेला माणूसही, त्याला जे दिसते किंवा ऐकू येते तिथून सुरुवात करू शकतो. पुढे विलिसच्याच जीपची जोडणी महिंद्रांनी मुंबईत सुरू केली आणि ती आपल्या गावोगावच्या रस्त्यांवर आली.

दुसरे नाव इंग्लंडच्या जॉन हेन्स यांचे. १९५६ साली, शाळेत असतानाच, जुन्या ऑस्टिन सेव्हनपासून छोटी स्पोर्ट्स गाडी कशी तयार करावी यावर त्यांनी पुस्तिका काढली. पुढे हवाई दलात एडनला असताना मित्राच्या ऑस्टिन-हीली स्प्राइटचे इंजिन उतरवताना त्यांनी पायरीपायरीची छायाचित्रे घेतली. त्यातून १९६६ मध्ये त्यांचे त्या गाडीवरचे दुरुस्तीचे पुस्तक निघाले. प्रत्यक्ष गाडी उघडायची, परत जोडायची आणि मगच लिहायचे, ही त्यांची पद्धत. म्हणून गंजलेला बोल्ट कुठे अडतो, हे त्या पुस्तकांना ठाऊक असते.

तिसरे नाव अमेरिकेतले जॉन मुइर. हा इंजिनिअर नोकरी सोडून फोक्सवॅगनच्या बीटल गाड्या दुरुस्त करू लागला. १९६९ साली त्याने अगदी नवशिक्यासाठी बीटलवर पुस्तक लिहिले. पीटर अश्वानडेन यांनी त्यात गमतीदार, पण बारकाव्यांनी भरलेली चित्रे काढली. ही तिन्ही पुस्तके भाषेत आणि स्वभावात वेगळी आहेत. पण तिघांनीही एक गोष्ट गृहीत धरली आहे : वाचणाऱ्याला समजेल आणि तो करू शकेल. आज नव्या गाडीबरोबर मिळणारे पुस्तक उघडून पाहा. बरेचदा दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला अधिकृत सेवा केंद्राकडे जा, असा सल्ला असतो.

एक काम जवळून पाहू. गाडी मिसिंग करते, पिकअप नाही. पुस्तक सांगते, डेल्कोचे झाकण काढा, रोटर उचला. आत दोन पॉइंट दिसतात. इंजिन हाताने हळूहळू फिरवा. कॅमचा उंचवटा पॉइंटच्या टाचेखाली आला की पॉइंट पूर्ण उघडतात. तिथे थांबा आणि फिलर गेजची पट्टी त्या फटीत, म्हणजे गॅपमध्ये, सरकवा. फट साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आतली. नेमका आकडा पुस्तकात असतो. पट्टी सैल जाता कामा नये आणि अडताही कामा नये. ओढताना किंचित धरल्यासारखी वाटली पाहिजे. मग स्क्रू आवळा आणि पुन्हा मोजा, कारण आवळताना फट हलते. हे झाल्यावरच टायमिंगला, म्हणजे ठिणगीच्या वेळेला, हात लावायचा.

हा क्रम उलटा का चालत नाही? फट मोठी असेल तर पॉइंट लवकर उघडतात, ठिणगी लवकर पडते. म्हणजे फट बदलली की टायमिंग आपोआप बदलते. आधी टायमिंग लावून मग फट नीट केली, तर पहिली मेहनत वाया. पुस्तकातल्या प्रत्येक क्रमामागे असे कारण असते. ते ज्याला एकदा बोटांनी कळले, तो पंप, शिलाई मशीन किंवा वीजजोडणी यांच्यापुढेही गांगरत नाही.

कोणी म्हणेल, हे स्मरणरंजन झाले. तसे नाही. जुन्या पद्मिनीत एअरबॅग नाही, धुराचे प्रदूषण कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेही काळाला धरूनच. आजच्या गाडीत डेल्कोचे काम संगणक करतो, स्कॅनर जोडला की बिघाडाचा क्रमांक पडद्यावर येतो. स्कॅनर उपयोगाचा आहे, यात वाद नाही. पण एका सिलिंडरमध्ये मिसफायर आहे, एवढेच तो बरेचदा सांगतो. दोष प्लगचा, कॉइलचा, इंजेक्टरचा की कॉम्प्रेशनचा, हे शोधायला पुन्हा मिश्रण, दाब आणि ठिणगी या त्याच तीन प्रश्नांकडे यावे लागते. ज्याला ते प्रश्न माहीत नाहीत, तो एकामागून एक भाग बदलत जातो आणि बिल गाडीमालक भरतो.

पुस्तकाची मर्यादाही सांगितली पाहिजे. टॅपेटचा आवाज आणि बेअरिंगचा आवाज यांतला फरक छापून सांगता येत नाही. तो मिस्त्रीच्या शेजारी उभे राहूनच कळतो. आपल्या गॅरेजमधल्या कित्येक उस्तादांनी पुस्तक न पाहता आयुष्य काढले आणि उत्तम काम केले. पण उस्तादाचे ज्ञान त्याच्याबरोबर जाते. पोरगा शेजारी टिकला तर थोडे उरते. म्हणून कान उस्तादाकडून घ्यावा आणि क्रम पुस्तकाकडून.

आता मागणे. प्रत्येक आयटीआयने आणि इंजिनिअरिंग कॉलेजने एक जुनी, साधी, पॉइंट-कार्बोरेटरवाली गाडी विद्यार्थ्यांना उघडायला आणि जोडायला ठेवावी; काचेआड शोभेसाठी नको. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा रद्दीत अशा गाड्यांची पुस्तके दिसली, तर ती घेऊन ग्रंथालयाला द्यावीत. तुमच्यापैकी कोणाच्या माळ्यावर फियाट, ॲम्बेसेडर किंवा जीपचे तेलाचे डाग पडलेले पुस्तक असेल, तर ते रद्दीत घालू नका. जवळच्या आयटीआयत नेऊन द्या आणि ते मुलांच्या हाती पडेल, कपाटात जाणार नाही, एवढे वचन मात्र घ्या.