दोन घरांचे एक घर आणि मुलांचे उच्च शिक्षण

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात जालना येथे केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी चार शब्द बोलण्यास मंडळाच्या चालकांनी मला पाचारण केले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मी स्वतः शालान्त परीक्षेपलीकडे गेलेलो नाही. तेव्हा महाविद्यालयाविषयी मी बोलणे म्हणजे काठावर बसून पोहण्याचे धडे देणे होय. परंतु माझे सारे आयुष्य मुलांचे दाखले लिहिण्यात गेले, आणि आजच्या विषयाची अडचण पुष्कळ अंशी त्या दाखल्यातच आहे.

विधुराचे दुसरे लग्न आपल्यात पूर्वीपासून होत आले आहे. अलीकडे विधवा व परित्यक्ता भगिनींचेही विवाह होऊ लागले, ही मोठी समाधानाची गोष्ट होय. मात्र अक्षता पडल्या की आपले कर्तव्य संपले असे आपण मानतो. त्याची दोन मुले, तिचे एक, अशी मुले एका छपराखाली वाढतात. लहानपणी भाकरी वाटून खाता येते. बारावीनंतर प्रवेशशुल्क भरावयाचे असते, आणि ते वाटून भरता येत नाही.

सन 2019 च्या उन्हाळ्यात अंबड तालुक्यातील अशाच एका घरी मला सल्ल्यासाठी बोलाविले होते. गृहस्थ कोरडवाहू शेतकरी. पहिल्या पत्नीपासून त्यांना दोन मुलगे. बाईंची पहिल्या घरची एक मुलगी. थोरला मुलगा व ही मुलगी दोघेही त्याच वर्षी बारावी उत्तीर्ण झालेली. धाकटा अद्याप शाळेत. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शासनाची राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्यास शिक्षणशुल्काचा निम्मा भार शासन उचलते. परंतु एका कुटुंबातील दोनच अपत्यांना हा लाभ मिळतो. येथे अपत्ये तीन! मी मोठ्या शहाणपणाने सांगितले, "दोन्ही लाभ मुलग्यांसाठी राखून ठेवावेत. मुलगी तालुक्याच्या गावी राहून बी.ए. करील."

बाई काही बोलल्या नाहीत. पोटच्या मुलीची बाजू घ्यावी तर सावत्रपणाचा शिक्का कपाळी बसावयाचा, हे भय त्यांच्या मुद्रेवर स्पष्ट होते. गृहस्थांना भावकीची धास्ती. ते सुपारी कातरीत बसले. अखेर थोरला मुलगाच म्हणाला, "गुरुजी, मला इंजिनिअरिंगला घालू नका. गणित मला झेपत नाही. मी आयटीआयला जातो, विजेचं काम शिकतो. हिला रसायनशास्त्रात किती गुण आहेत, ते तरी बघा."

बंधूंनो, मी गुणपत्रिका मागितलीच नव्हती! कोणते मूल कोणाचे, एवढेच पाहून मी निवाडा दिला होता. शिक्षक म्हणविणाऱ्या माणसाच्या हातून हे घडावे, याची मला आजही लाज वाटते.

या प्रसंगानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे बालपण मी पुन्हा वाचून काढले. आपण त्यांच्या पदव्या मोजतो, पण ते घरही दोन घरांचेच झालेले होते. आई भीमाबाई लहानपणीच वारल्या. 1898 मध्ये सुभेदार रामजींनी जिजाबाईंशी दुसरा विवाह केला. आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून लहान भीमरावाचे मन होरपळे. घर सोडून मुंबईच्या गिरणीत नोकरी धरावी, असेही त्याच्या मनाने घेतले होते. पुढे मुंबईस आल्यावर पेन्शनीवर दोन मुलांचे शिक्षण निभेना. थोरले बंधू आनंदराव जी.आय.पी. रेल्वेच्या कारखान्यात कामास लागले आणि भीमराव शिकत राहिले. त्यांच्या पुस्तकांसाठी रामजी विवाहित लेकींकडे उसने मागावयास जात. प्रसंगी लेकीचा दागिना गहाण पडे व पेन्शन हाती आल्यावर सुटे. 1907 मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला, आणि महाविद्यालयासाठी दरमहा 25 रुपये मिळू लागले. 1913 मध्ये अमेरिकेसाठी बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली ती दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांकरिता. मोबदला म्हणून दहा वर्षे बडोद्याची चाकरी करण्याचा करार होता. म्हणजे त्या काळीही शिष्यवृत्ती अटींवाचून नव्हती. आणि कारखान्यात गेलेल्या आनंदरावांची आठवण आपल्यापैकी किती जण काढतात?

आता कागदांविषयी. हा भाग रुक्ष आहे, पण प्रवेश अडतात ते येथेच. मुलीच्या दाखल्यावर दिवंगत पित्याचे नाव व आडनाव असते. आईचे आडनाव पुनर्विवाहाने बदललेले असते. अर्ज भरताना हा मेळ बसत नाही. म्हणून विवाह नोंदणीचा दाखला, पित्याचा मृत्यूचा दाखला व आईच्या नावबदलाचे राजपत्र ही तिन्ही कागदपत्रे दहावीतच जमवून ठेवावीत. जातीचे प्रमाणपत्र व त्याची पडताळणी पित्याच्या कुळाकडील पुराव्यांवर होते. तेव्हा पहिल्या सासरचा उंबरठा ओलांडण्याची वेळ येते. तेथे बोलणेचालणे राहिले असेल तर काम होते. भांडण असेल तर आजोबांचा जुना दाखलाही मिळत नाही. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतूनच घ्यावा; व्यवस्थापनाच्या जागेवर गेल्यास शाहू शिष्यवृत्ती मिळत नाही. वसतिगृह व खानावळ यांचा खर्च शुल्काइतकाच जड असतो. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचा निर्वाह भत्ता आहे, त्याचाही अर्ज करावा. दि. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने तर आठ लाखांच्या आतील उत्पन्नाच्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास घटकांतील मुलींना व्यावसायिक शिक्षणाचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे.

बापमंडळींस एक गोष्ट सांगावयाची आहे. 1956 च्या कायद्याने सावत्र पिता हा मुलाचा नैसर्गिक पालक ठरत नाही, आणि मृत्युपत्र नसेल तर सावत्र मूल त्याच्या मिळकतीचे प्रथम वर्गाचे वारसही ठरत नाही. शेत धाकट्या-थोरल्या मुलग्यांकडे जाणार. त्या घरातून त्या मुलीच्या पदरी काही पडावयाचे तर ते शिक्षणच.

अंबडच्या त्या घरी पुढे काय झाले, असे काहींच्या मनात असेल. थोरला शासकीय आयटीआयमध्ये गेला. तेथील शुल्क अल्प, म्हणून शाहू शिष्यवृत्तीचे दोन्ही लाभ मुलगी व धाकटा यांच्यासाठी मोकळे राहिले. मुलगी औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, औषधनिर्माणशास्त्र शिकली. शिष्यवृत्तीचा हप्ता उशिरा आला, तेव्हा गृहस्थांनी बैलजोडी विकून वसतिगृहाचे पैसे भरले. भावकीत चर्चा झाली, ती झालीच. आज ती नोकरीस आहे, आणि थोरला येथील एका लोखंडी सळयांच्या कारखान्यात वीजतंत्री आहे. धाकटा अजून शिकतो आहे.

ज्यांच्या घरी यंदा असा प्रश्न असेल त्यांनी रविवारी सकाळी माझ्याकडे यावे. माझे घर चिटणीसांस ठाऊक आहे. कागद आणावेत, गुणपत्रिका आणावी, आणि मुलासही बरोबर आणावे.