खोक्यातला एक्सल आणि गाडीतला एक्सल
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी प्रत्येकाला एकच सांगितलं होतं. आपल्या कामातली अशी एखादी गोष्ट सांगा, की ती ऐकून बाकीच्यांचा फायदा होईल. आधीच्या वक्त्यांनी साखरेवर सांगितलं, बँकेच्या नावाने येणाऱ्या फसव्या फोनवर सांगितलं. माझा जन्म गेला गॅरेजात. म्हणून मी जुन्या गाडीच्या एक्सलवर बोलणार आहे. हसू नका. तुमच्यातले बरेच जण पुण्या-मुंबईला नव्या गाड्या चालवतात, पण गावी वडिलांच्या दारात अजून मारुती ८०० नाहीतर ओम्नी उभी आहे. दवाखाना, लग्नकार्य, भंडारा-पवनीच्या चकरा, सगळं तिच्यावरच चालतं. दुरुस्तीचे पैसे तुम्ही पाठवता आणि पार्ट कोणता बसला हे तुम्हाला कळत नाही. म्हणून हा विषय.

८०० गाडी डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे शेवटची गाडीसुद्धा आता दहा वर्षांच्या पुढे गेली. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. गाडी चालते आहे, कागद होतात, मग माणूस ती विकत नाही. यात वावगं काही नाही. अडचण पार्टची. गाडी बंद झाली की कंपनीचा माल हळूहळू कमी होतो आणि ती जागा भरायला दहा ठिकाणचा माल बाजारात येतो. त्यात चांगला असतो तसा वाईटही असतो, आणि खोका दोघांचाही चकचकीत असतो.

आता एक्सल म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनी या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या. ८०० मध्ये इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जाते. पण पुढची चाकं वळतात, खालीवर होतात, आणि तरीही त्यांना न अडखळता फिरायचं असतं. त्यासाठी शाफ्टच्या दोन्ही टोकांना जॉइंट असतात. बाहेरच्या जॉइंटमध्ये सहा पोलादी गोळ्या खाचांमधून फिरतात. अशा जॉइंटचं पेटंट रझेपा नावाच्या इंजिनियरने १९२० च्या दशकात घेतलं, आणि १९५९ मध्ये इंग्लंडात मिनी गाडी आली तेव्हापासून तो लहान गाड्यांमध्ये पसरला. त्या गोळ्यांना ग्रीस लागतं, आणि ग्रीस सांभाळायला वरून घडीघडीचं रबर असतं. त्याला आम्ही बूट म्हणतो.

बूट फाटला की ग्रीस उडून जातं, धूळ-चिखल आत जातो आणि गोळ्यांच्या खाचा खरवडल्या जातात. मग पूर्ण वळण घेताना कट-कट आवाज येतो. हा आवाज आला तर बाहेरचा जॉइंट. सरळ जाताना रेस दिल्यावर गाडी थरथरली तर बहुधा आतला. वेग वाढेल तसा घूं-घूं आवाज वाढला तर चाकाचं बेअरिंग. एवढं लक्षात ठेवलं तरी "अख्खा एक्सल बदलावा लागेल" असं कोणी म्हटल्यावर तुम्ही दोन प्रश्न विचारू शकाल.

वाईट पार्ट वाईट का असतो? शाफ्टची लांबी किंवा दात्यांचं माप थोडं चुकलेलं असतं. खाचांना वरून पुरेसा कडकपणा दिलेला नसतो, मग नव्या पार्टच्या खाचाही थोड्याच दिवसांत खड्डे पडून खराब होतात. रबर हलकं असतं, उन्हाळ्यात तडकतं. ग्रीस कमी भरलेलं असतं, नाहीतर साधंच भरलेलं असतं. या जॉइंटला मॉलिब्डेनमचं काळं ग्रीस लागतं. यातलं बरंचसं डोळ्यांना दिसत नाही. पण काही गोष्टी हातात घेतल्या की कळतात.

एक उदाहरण सांगतो. पवनीकडचे एक वयस्क शेतकरी शहरातून नवा शाफ्ट घेऊन आले. परवा बायकोला दवाखान्यात न्यायचं होतं, म्हणून घाई. मी नवा शाफ्ट जुन्याशेजारी ठेवला. लांबी बरोबर, दाते बरोबर. पण बाहेरचा जॉइंट हाताने वळवला की एका बाजूला अडकायचा. दुकानदार फोनवर म्हणाला, "चालवल्यावर सेट होते जी." काका म्हणाले, "मिस्त्री, बसवून टाका ना, दुकानवाला म्हणते ना." मी म्हटलं, काका, अडकणारा जॉइंट आपोआप सुटत नाही. वळणावर भर पडला तर एखाद दिवशी तुटेल, आणि त्या दिवशी गाडीत काकू असतील. काका चिडले. माझ्या हातून गिऱ्हाईक जाणार असंच वाटलं. मग त्यांच्यासमोर जुना शाफ्ट उघडला. बूट फाटून फार दिवस झाले नव्हते, कट-कट आवाज नव्हता, खाचा स्वच्छ होत्या. जॉइंट धुतला, नवं ग्रीस भरलं, चांगला बूट आणि नव्या क्लिपा बसवल्या. दोन दिवसांनी काकू त्याच गाडीतून दवाखान्यात गेल्या. नवा शाफ्ट न बसवलेला होता आणि त्याला ग्रीसचा डागही लागला नव्हता, म्हणून दुकानाला परत घ्यावा लागला. रोख मिळाली नाही, बदल्यात दुसरं सामान मिळालं.

दुसरं उदाहरण इतकं गोड नाही. भाड्याने चालणाऱ्या एका ओम्नीच्या मागच्या चाकाचं नवं बेअरिंग, दुसरीकडे बसवलेलं, काही महिन्यांतच गेलं. ओम्नीत मागच्या चाकाचा भार हाफ शाफ्टवरच असतो. बेअरिंग आणि त्याची प्रेस केलेली रिंग सैल झाली तर चाक शाफ्टसकट बाहेर येऊ शकतं. ऑइल सीलही गेलं होतं आणि तेल ब्रेकच्या लायनरवर उतरलं होतं. दुकानाने बेअरिंग बदलून दिलं. पण सील, लायनर, दोनदाची मजुरी आणि बुडालेलं भाडं? ते त्या पोराने भरलं. गॅरंटी पार्टची असते, तुमच्या दिवसाची नसते.

म्हणून स्वस्त-महागचा हिशेब नीट करा. समजण्यासाठी आकडे धरू. चांगला शाफ्ट ३८०० चा, मजुरी ६००, गिअर ऑइल ३००. झाले ४७००. लोकल शाफ्ट २००० चा. तो बिघडला आणि दुकानाने फुकट बदलून दिला, तरी मजुरी दोनदा १२००, ऑइल दोनदा ६००, गाडी ओढून आणायचे १०००, दुकानाची चक्कर ५००. झाले ५३००. आणि मधल्या काळात गाडी कुठे बंद पडली, हे कशात धरायचं?

आता कामाच्या गोष्टी. वाटल्यास प्रत्येकाने घरी फोन करून सांगा.

पहिली, जुना पार्ट नवा बसेपर्यंत कबाडीत देऊ नका. जुना ओरिजिनल हाच मापाचा नमुना. डावा-उजवा ओळखून दोन्ही शेजारी ठेवा, लांबी मोजा, दाते मोजा, जॉइंट सगळीकडे वळवून पाहा. नंतरच्या गाड्यांत एबीएस असेल तर जॉइंटवरच्या रिंगचे दातेही मोजा. नाहीतर ब्रेकचा दिवा लागून राहील.

दुसरी, खोका वाचा. पॅकबंद मालावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क छापणं कायद्याने बंधनकारक आहे. नुसता "बेस्ट क्वालिटी" लिहिलेला खोका परत करा.

तिसरी, कंपनीच्या अधिकृत दुकानात पार्ट नंबर देऊन आधी विचारा. मिळाला तर प्रश्नच मिटला. नाही मिळाला आणि जुना जॉइंट आवाज करत नसेल, तर बूट-ग्रीसचं काम करून घ्या. आवाज सुरू झाला असेल तर मात्र धुऊन उपयोग नाही.

चौथी, बसवणंही नीट हवं. हब नट मापाच्या ताणाने आवळावा, लॉकिंगचा नट किंवा पिन नवी घालावी. शाफ्टच्या आट्यांवर हातोडा मारणाऱ्याकडून चांगला पार्टही खराब होतो. म्हणून प्रत्येक वेळी दोष दुकानाचाच असतो असं नाही. हे मी माझ्या व्यवसायातला असूनही सांगतो.

पाचवी, पक्कं बिल घ्या. ते गाडीमालकाच्या नावाने आणि गाडीच्या नंबरसह असावं. बसवल्याची तारीख आणि किलोमीटर मिस्त्रीकडून लिहून घ्या. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे. सदोष मालासाठी त्यात बनवणारा, विकणारा आणि सेवा देणारा अशा तिघांवरही जबाबदारी येऊ शकते, म्हणजे आम्ही मिस्त्रीही त्यात आलो. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते, म्हणजे आपल्याला भंडाऱ्यात. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करा. आणि बिघडलेला पार्ट उघडू नका, ठोकू नका. गरज पडली तर आयोग तो प्रयोगशाळेत पाठवू शकतो. पार्ट दुकानदाराला देऊन बसलात तर पुरावाही त्याच्याकडेच गेला.

गुरुजी, विज्ञानाच्या प्रयोगवहीत तुम्ही आम्हाला साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असं क्रमाने लिहायला लावलं. अनुमान आधी लिहिणाऱ्याची वही तुम्ही परत करत होता. गॅरेजात मी पोरांना तेच शिकवतो. खोक्यावर लिहिलेलं ते दुकानदाराचं अनुमान. आपलं निरीक्षण झाल्याशिवाय पार्ट गाडीखाली जाऊ द्यायचा नाही. तपासायला दहा मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ देणारा मिस्त्री तुम्हाला हळू वाटला तरी त्याला घाई करू नका.

कोणाच्या घरच्या गाडीचा आवाज येत असेल तर जेवणानंतर दाखवा, ऐकून सांगतो. एवढं बोलून माझे दोन शब्द संपवतो.